कोजागिरीला गच्चीवर गोष्टी-गाण्यांची संध्याकाळ ठेवायचीय? मग हे वाचून घ्या

आमच्या डोंबिवलीच्या सोसायटीत कोजागिरी म्हणजे आधी काय होतं, तर भाड्याचे दोन मोठे स्पीकर, एक अँकर, तंबोला, लहान मुलांचे डान्स आणि शेवटी कोमट दूध. साडेनऊला अर्धी माणसं घरी. चंद्र वर एकटाच. मग चार वर्षांपूर्वी आम्ही तिघी-चौघींनी ठरवलं की ह्या वेळी आपल्याच माणसांच्या गोष्टी, आपल्याकडची चित्रं आणि आपल्याकडची गाणी, बास. पहिल्या वर्षी पार फजिती झाली, दुसऱ्या वर्षी जमलं, आता आजूबाजूच्या सोसायट्यांमधून फोन येतात की कसं करता हो तुम्ही. दर वेळी तेच तेच सांगायचा कंटाळा आला म्हणून एकदाच लिहून टाकते. पहिल्यांदाच करणाऱ्यांसाठी आहे, ज्यांनी केलंय त्यांना यातलं बरंच माहीत असेल.

आधी तारीख आणि जागा

कोजागिरी म्हणजे आश्विन पौर्णिमा, तारीख दरवर्षी बदलते आणि अधिक महिना आला की चांगलीच पुढे जाते, त्यामुळे कॅलेंडर बघून मगच बोला. आणि आश्विन म्हणजे परतीचा पाऊस हे विसरू नका. आमची पहिल्या वर्षीची फजिती तीच. संध्याकाळी सहापर्यंत आभाळ स्वच्छ, पावणेसातला विजा, सतरंज्या भिजल्या, वायरी गुंडाळता गुंडाळता दोघं घसरले आणि सोळा लिटर दूध चार मजले खाली आणताना जिना पांढरा झाला. तेव्हापासून नियम असा, की गच्ची ठरवली तरी खालचं पार्किंग त्या दिवशी दुपारी चारपासून रिकामं ठेवायचं. गाड्या बाहेर लावायला लोक कुरकुर करतात, करू द्या. बिल्डिंग जुनी असेल, कठडा कमी उंचीचा असेल किंवा लिफ्टचा भरवसा नसेल तर गच्चीचा हट्टच सोडा आणि सरळ पार्किंगमध्ये करा, चंद्र बघायला मध्ये पाच मिनिटं सगळे बाहेर येतात, काही बिघडत नाही.

किती माणसं? माझं मत विचाराल तर ऐंशीच्या वर नकोच. शंभर झाली की तो कार्यक्रम होतो, आणि कार्यक्रम झाला की कुणीतरी येऊन "दोन शब्द" बोलतं. हे दोन शब्द दोन कधीच नसतात. आमच्याकडे पहिल्या मीटिंगमध्येच ठरलंय की भाषण नाही, सत्कार नाही, शाल-श्रीफळ नाही, कुणाचा बॅनर नाही. देणगी देणारे असतात आणि ते वाईट नसतात, पण बॅनर लागला की पुढची रांग त्यांची होते आणि आज्या मागे जातात.

माणसं कशी जमवायची (इथेच सगळं अडतं)

ग्रुपवर मेसेज टाकायचा नाही. म्हणजे टाका, पण त्यावर काही अवलंबून ठेवू नका. "ज्यांना गोष्ट सांगायची आहे त्यांनी नावे द्यावीत" असं लिहिलंत की तीस अंगठे येतात आणि नाव एकही नाही, किंवा मग ते एकच काका नाव देतात जे दरवर्षी देतात आणि पंचवीस मिनिटं बोलतात. त्यामुळे महिनाभर आधी दारोदार जायचं, दुपारी चार ते सहा, चहाच्या वेळेला. आणि "तुम्ही गोष्ट सांगाल का" असं विचारायचं नाही, कारण उत्तर ठरलेलं आहे, "छे हो, मला कुठे जमतंय." नेमकं काहीतरी विचारायचं. तुमच्या गावची विहीर कुठे होती? चाळीतून फ्लॅटमध्ये आलात त्या दिवशी पहिला स्वयंपाक काय केलात? गाडी बंद पडून रात्रभर स्टेशनवर कधी काढलीत का? डोंबिवलीत हा शेवटचा प्रश्न कुठल्याही दारात चालतो. समोरचं माणूस सांगायला लागलं की तुम्ही फक्त ऐका, आणि संपलं की म्हणा, काका, आत्ता सांगितलंत ना, अगदी हेच, अस्संच कोजागिरीला सांगा.

आमच्या तिसऱ्या मजल्यावर साताऱ्याकडच्या एक आजी आहेत. त्यांना जात्यावरच्या ओव्या येतात असं सूनबाईंनी सांगितलं म्हणून गेले, तर आजी म्हणाल्या, "न्हाय गं बाई, समदं इसारलं." खरंच आठवेना त्यांना, दोन ओळींच्या पुढे जाईना. मग एका बाईंच्या गावाहून हळदीचं छोटं जातं आणलं, चारेक मूठ गहू घेतले आणि म्हटलं आजी, मला दळायला शिकवा. मी खुंटा चुकीचा धरला तशा त्या वैतागल्या, माझा हात बाजूला केला आणि स्वतः फिरवायला लागल्या आणि मग काय, एकामागून एक. हाताबरोबर येतात त्या. तर सांगायचं काय, की कुणी विसरलोय म्हणालं तर त्यांच्या हातात ती वस्तू द्या, मग ते जातं असो, सूप असो नाहीतर गोधडीची सुई. (ओव्या कशा असतात हेच माहीत नसेल तर पीपल्स आर्काइव्ह ऑफ रुरल इंडियाच्या साइटवर महाराष्ट्रातल्या बायकांच्या ओव्यांचा मोठा साठा आहे, गोळा केलेल्या ओव्या एक लाखाच्या वर आहेत, त्यातल्या काही आवाजासकट ऐकायला मिळतात. मी एकदा ऐकायला बसले आणि कुकर जाळला.)

गोष्ट सात मिनिटांची. आठ झाली तरी चालेल, बारा नाही. प्रत्येकाकडून एकदा घरी बसून पूर्ण सांगून घ्या, आणि त्यात दोनच गोष्टी बघा. एक, सुरुवात "माझा जन्म अमुक साली" अशी होतेय का? तसं असेल तर ते काढून थेट प्रसंगावर यायला सांगा. दोन, शेवटी उपदेश येतोय का? "तर मुलांनो, यावरून आपण काय शिकलो" आलं की मुलं उठतात. कागदावर लिहून वाचू देऊ नका, अगदी भीती वाटत असेल तर पोस्टकार्डाएवढ्या कागदावर पाच शब्द, बास. सहा जण पुरे. एक दोन राखीव ठेवा, कारण त्या दिवशी कुणाचा तरी घसा बसतोच.

बाहेरचे कलाकार बोलवायचे असतील तर

बोलवाच, एक तरी. पण दुरून नाव ऐकून नाही, आधी आपल्या भागात कुठली लोककला आहे ते बघा. खानदेशात असाल तर वहीगायन आहे, पूर्व विदर्भात दंडार आहे, खडी गंमत आहे, कुठेही असलात तरी भारूड करणारं एखादं भजनी मंडळ सापडतं, शाहीर सापडतात. गोंधळ मात्र "आयटम" म्हणून मागू नका, तो देवीचा विधी आहे, घालायचा असेल तर रीतसर घाला.

आम्ही गेली दोन वर्षं चित्रकथी ठेवतो, कारण आमच्याकडे अर्धी बिल्डिंग तळकोकणातली. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी, सिंधुदुर्गात कुडाळजवळ पिंगुळी म्हणून गाव आहे, तिथल्या ठाकर आदिवासी समाजाकडे ही कला पिढ्यान्‌पिढ्या आहे, पूर्वी सावंतवाडी संस्थानाचा आश्रय होता. हाताने रंगवलेली चित्रं एकामागून एक दाखवत, गात गात रामायण-महाभारतातला प्रसंग सांगतात, चित्रांच्या त्या गठ्ठ्याला पोथीच म्हणतात. साथीला वीणा, टाळ आणि हुडुक, हुडुक म्हणजे डमरूचा थोरला भाऊ समजा. त्याच समाजात कळसूत्री बाहुल्या पण आहेत, आणि पिंगुळीच्याच परशुराम गंगावणे यांना ह्या कलेसाठी २०२१ साली पद्मश्री जाहीर झाली. तिथे त्यांनी गोठ्याच्या जागेत उभं केलेलं संग्रहालय पण आहे, गावी जाताना कुडाळला उतरलात तर वाट वाकडी करून जा.

आता व्यवहाराचं. मानधन फोनवर पहिल्याच बोलण्यात ठरवायचं, "बघू हो, करू काहीतरी" असं अजिबात बोलायचं नाही. त्यात प्रवास, राहणं, जेवण धरलंय का वेगळं, हे स्पष्ट करायचं. पैसे त्याच रात्री, पाकिटात, दूध प्यायच्या आधी. मी स्वतः बघितलंय, एका ठिकाणी (आमचं नाही, आणि नाव घेत नाही) कलाकारांना "चेक कुरिअरने पाठवतो" म्हणून निरोप दिला आणि ती माणसं तीन महिने फोन करत बसली. आणि "एक्स्पोजर मिळेल" हे वाक्य तर कृपया तोंडातून काढू नका, तीनशे-चारशे वर्षांच्या कलेला आपल्या गच्चीवर कसलं एक्स्पोजर देणार आपण.

रेल्वेचं रिझर्वेशन आता ६० दिवस आधी उघडतं, आधी १२० होते ते २०२४ च्या नोव्हेंबरपासून बदललं, म्हणजे कोजागिरीच्या दोन महिने आधीच्या सकाळी कुणीतरी लॅपटॉप उघडून बसायचं. कोकणकन्या किंवा तुतारी, दोन्ही कुडाळला थांबतात आणि ठाण्यालाही. परतीचं तिकीट त्याच वेळी काढा. आणि स्टेशनवर घ्यायला माणूस पाठवा, ॲपची टॅक्सी नको, त्यांच्याबरोबर पोथी असते, वाद्यं असतात, ती डिकीत कोंबली तर जीव वर-खाली होतो.

एक चूक आमच्याकडून झाली ती सांगते. पोथीतली चित्रं साधारण फूट-दीड फुटाची असतात, ती वीस रांगा मागून दिसत नाहीत. पहिल्या वर्षी मागचे लोक दहा मिनिटांत गप्पा मारायला लागले आणि मला त्यांचाच राग आला, नंतर मी मागे जाऊन बसले तेव्हा कळलं की तिथून नुसता माणसाचा कोपर दिसतोय. आता स्टेजच नाही. कलाकार सतरंजीवर, त्यांच्याभोवती अर्धगोल, मुलं अगदी पुढे जमिनीवर, मोठे त्यांच्यामागे, गुडघेवाले शेवटी खुर्च्यांवर. चित्रावर एकच पिवळा दिवा, थोडा वरून. पांढरा हॅलोजन लावलात तर रंग मरतात आणि कलाकाराच्या डोळ्यात जातो. आणि त्यांना "थोडक्यात आटपा" असं आयत्या वेळी सांगू नका, आधीच विचारा की ४० मिनिटांत कुठला प्रसंग बसेल, ते बरोबर निवडतात. सुरुवातीला गणपतीचं स्तवन असतं, तेवढी मिनिटं धरा, ते कापायचं नसतं.

मुलांचं काय

मुलांचे डान्स पहिले ठेवले की डान्स झाल्यावर मुलं आणि त्यांचे आईबाप दोन्ही गायब. म्हणून मुलांना डान्स नाही, काम द्या. संध्याकाळी सहापासून एका कोपऱ्यात वारली चित्रांचा पसारा मांडतो. ब्राउन पेपरवर आदल्या दिवशी गेरू फासून वाळवून ठेवायचा, तांदळाच्या पिठीत पाणी आणि थोडा डिंक, आणि बांबूच्या काड्या, टोक ठेचून कुंचला होतो. पालघर आपल्याला लागून आहे, तिथल्या एका ताईंना बोलावतो, त्यांनाही मानधन, हे सांगायला नकोच. ताईंनी पहिल्या वर्षी एक चांगली गोष्ट सांगितली, की लग्नातला देवचौक मुलांना काढायला लावू नका, तो त्या वेळी सवाष्णींनी काढायचा असतो, त्यापेक्षा शेत काढा, झाड काढा, तारपा वाजवणारा आणि त्याच्याभोवती नाचणारे काढा. आणि मग मुलांनी तारप्याच्या गोलात आपला वॉचमन, इस्त्रीवाला, पाण्याचा टँकर सगळं घुसवलं. ती चित्रं दोरीवर चिमट्यांनी लावायची, तीच सजावट. थर्माकोल, फुगे, एलईडीच्या माळा काही लागत नाही.

माइक आणि दहाचा नियम

रात्री १० ते सकाळी ६ उघड्यावर लाउडस्पीकर बंद, हा केंद्राचा २००० सालचा ध्वनिप्रदूषणाचा नियम आहे. सणासुदीसाठी वर्षातले जास्तीत जास्त १५ दिवस मध्यरात्री १२ पर्यंत सूट देता येते, ते दिवस आपल्याकडे जिल्हाधिकारी जाहीर करतात, त्यात तुमचा दिवस आहे का ते आधी बघून घ्या, गृहीत धरू नका. पोलीस स्टेशनला अर्ज पंधरा दिवस आधी द्या आणि पोच घ्या. शिक्का मारलेली ती प्रत त्या रात्री खिशात ठेवा. शेजारच्या बिल्डिंगलाही आधी जाऊन सांगा आणि बोलवा, अर्ध्या तक्रारी आमंत्रण नसल्याच्या असतात. रहिवासी भागात दिवसाची मर्यादा ५५ डेसिबल आहे, म्हणजे फारच कमी, म्हणून स्पीकर लहान घ्या, दोनच, आणि तोंड आपल्या माणसांकडे, समोरच्यांच्या खिडक्यांकडे नाही.

साउंडवाल्याला तीन गोष्टी सांगायच्या. पहिली, इको बंद. हे दोनदा सांगा, कारण ते हो म्हणतात आणि मग हळूच सुरू करतात, आणि आजी बोलल्या की आकाशवाणी झाल्यासारखं वाटतं. दुसरी, दोन माइक, एक स्टँडवर वायरचा आणि एक कॉर्डलेस, त्याचे सेल नवीन. तिसरी, साउंड चेक सहा वाजता कलाकार असताना, वीणा आणि टाळ एकत्र वाजवून, नाहीतर टाळ सगळं खाऊन टाकतो. सिनेमाची गाणी लावायची असतील तर परवान्याची भानगड वेगळी आहे, आम्ही लावतच नाही, त्यामुळे तो प्रश्न मिटला.

आणि आता माझं सगळ्यात आवडतं. पावणेदहाला माइक बंद करायचा, पण घरी जायचं नाही. हा भाग आम्ही ठरवून ठेवलेला नव्हता, दुसऱ्या वर्षी सोसायटीच्या सेक्रेटरींनी घड्याळ दाखवलं आणि माइक बंद झाला, लोक उठायला लागले, तेवढ्यात एका काकांनी नुसत्या तोंडाने गिरणगावातल्या चाळीतल्या भुताची गोष्ट सुरू केली. ऐकू यावं म्हणून सगळे पुढे सरकले. मागच्या खुर्च्यावाले पण खाली येऊन बसले. आजींच्या ओव्या आता आम्ही मुद्दाम तेव्हाच ठेवतो, दिवे घालवून, जात्याच्या घरघरीवर. माइकवर ऐकलेल्या आणि अशा ऐकलेल्या ओव्यांत इतका फरक आहे की मला लिहून नाही सांगता येत. सव्वाअकरा-साडेअकरापर्यंत चालतं, हळू आवाजात, शेजारीही काही बोलत नाहीत.

तर वेळापत्रक साधारण असं

सहाला चित्रं आणि साउंड चेक. सातला सुरू म्हणा म्हणजे साडेसातला सुरू होतं. आधी दोन गोष्टी, हसऱ्या. मग एक गाणं किंवा भारूड. सव्वाआठला चित्रकथी, नऊपर्यंत. मग खाणं. मग राहिलेल्या चारांपैकी दोन गोष्टी माइकवर, आणि दोन ज्या जरा आतल्या आहेत त्या नंतरच्या अंधारासाठी. अँकर नको, पुढच्याचं नाव आधीच्याने घ्यायचं, म्हणजे "आता दुसऱ्या मजल्यावरच्या काकू" एवढंच. शायरी म्हणत सूत्रसंचालन करणारे हौशी लोक प्रत्येक सोसायटीत असतात, त्यांना दुधावर लक्ष ठेवायचं काम द्या.

शूटिंगबद्दल, कलाकारांना आणि गोष्ट सांगणाऱ्यांना आधी विचारा. आमच्याकडे पहिली दोन मिनिटं फोन चालतो, नंतर खिशात. एका काकूंनी सासूबद्दल सांगितलेलं त्यांच्या नणंदेच्या स्टेटसला दिसलं होतं, पुढचं सांगत नाही.

दूध आणि हिशोब

दुधाचं गणित सोपं आहे. माणशी १२५ मिली, म्हणजे ऐंशी माणसांना १० लिटर प्यायला हवं, पाव भाग आटणार, म्हणून साडेतेरा लिटर आणा. म्हशीचं. वेलदोडा, जायफळ, केशर, चारोळी, बदाम-पिस्त्याची भरड, आणि मसाला गॅस बंद करायच्या जरा आधी. दोन-अडीच लिटर बिनसाखरेचं वेगळं काढा, डायबेटिसवाले निम्मे आहेत आणि ते लाजून गोड पितात. वर जाळी किंवा पातळ फडकं, दिव्याचे किडे पडतात. खायला काय आहे ते आम्ही भोंडल्याच्या खिरापतीसारखं ओळखायला लावतो, डबा हलवून, "आंबट का गोड, तिखट का खारट" करत. आज्या इथे कॉलेजातल्या पोरींसारख्या ओरडतात. गेल्या वर्षी कुणाला ओळखता आलं नाही, साबुदाण्याचे वडे होते आणि सगळे भडंग भडंग करत होते.

पैसे घरटी सारखे काढा, आणि जमा-खर्च दुसऱ्याच दिवशी नोटीस बोर्डवर लावा, दहा रुपयांच्या चिमट्यांसकट. सगळ्यात मोठा आकडा कलाकारांच्या मानधनाचा असला पाहिजे, मांडव-लायटिंगचा असेल तर काहीतरी चुकलंय.

कलाकारांची झोपायची सोय कुणाच्या तरी घरी करा, हॉलमध्ये गादी चालेल, पण सकाळचा चहा-नाश्ता कोण देणार हे नावानिशी ठरवा. आणि त्याच रात्री, झोप येत असली तरी, वहीत लिहून ठेवा की कुणी बोलता बोलता "अहो आमच्याकडे पण एक असंच झालं होतं" म्हटलं. पुढच्या वर्षीची नावं तीच.

दुधाचं पातेलं रात्रीच पाणी भरून ठेवा, खाली लागलेलं असतं. आम्ही एकदा तसंच ठेवलं आणि सकाळी ते घासायला कुणी पुढे येईना, शेवटी वाण्याचं भाड्याचं पातेलं आम्हाला विकतच घ्यावं लागलं. आता दरवर्षी तेच वापरतो.